संगीतकाराच्या निधनानंतर सोलापुरात स्मरणसभा कशी भरवावी

एखादा लोकप्रिय चित्रपट-संगीतकार गेल्याची बातमी आली की आपल्या शहरात पुढचे सारे ठरल्यासारखे घडते. ज्याच्या-त्याच्या स्टेटसवर त्याच चार गाण्यांचे तुकडे झळकतात, चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो आणि आठवड्याच्या आत एखादा कराओके गट ‘सुरेल आदरांजली’ जाहीर करून मोकळा होतो. त्या कार्यक्रमात पंचवीस गाणी होतात, पंचवीस गायक आपापल्या टाळ्या घेऊन खाली उतरतात आणि ज्याच्या नावाने सभागृह भरले त्याचा उल्लेख प्रास्ताविकात एकदा व आभारात एकदा होतो. गायक गेला असेल तर असा कार्यक्रम एक वेळ शोभतो, कारण निदान त्याच्या गायकीची आठवण तरी निघते. संगीतकार मात्र पडद्यावर दिसत नाही आणि आवाजातही ऐकू येत नाही. तो चालीत असतो, दोन कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्यात असतो, ठेक्याच्या निवडीत असतो. म्हणून त्याच्या स्मरणसभेची बांधणी मुळातच वेगळी करावी लागते. ज्या चाहत्यांना अशी सभा मनापासून भरवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

पहिले काम म्हणजे बातमीची खातरजमा. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांनी हयात कलावंतांना अनेकदा मारले आहे, त्यामुळे कुटुंबीयांचे निवेदन, आकाशवाणीचे वार्तापत्र किंवा विश्वासाचे वृत्तपत्र यांपैकी काहीतरी हाती आल्याखेरीज फलकाची ऑर्डर देऊ नये. संगीतकार जोडीतला असेल तर अधिक सावध राहावे. लक्ष्मीकांत २५ मे १९९८ रोजी गेले, पण प्यारेलाल त्यानंतरही आपल्यात होते. श्रवण यांचे निधन २२ एप्रिल २०२१ रोजी झाले तेव्हा नदीम हयात होते. अशा वेळी फलकावर जोडीचे नाव छापून दोघांचे छायाचित्र हाराखाली ठेवणे म्हणजे जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहणे होय, आणि हे प्रकार आपल्याकडे घडलेले आहेत. उलट बाजूचे उदाहरण ‘राम-लक्ष्मण’ या नावाचे. नागपूरचे विजय पाटील २२ मे २०२१ रोजी गेले तेव्हा अनेकांना वाटले की जोडीतला एक गेला. वस्तुतः त्यांचे साथीदार सुरेंद्र सत्तरच्या दशकातच निवर्तले होते आणि पाटील यांनी मित्राचे नाव सोडायचे नाही म्हणून पुढची सारी कारकीर्द दोघांच्या नावाने केली. एवढी एक गोष्ट निवेदकाने नीट सांगितली तरी सभेचा सूर लागतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत मोठा कार्यक्रम करण्याच्या भरीस पडू नये. त्या दिवसांत वाचनालयाच्या खोलीत, एखाद्या गायन-वर्गात किंवा कुणाच्या दिवाणखान्यात जमून छोटी शोकसभा घ्यावी. शोकप्रस्ताव वाचावा, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे, त्यांची दोन-तीन गाणी मूळ ध्वनिमुद्रणातून शांतपणे ऐकावीत आणि घरी जावे. प्रस्तावाची भाषा साधी असावी. ‘सूर हरपला’, ‘तारा निखळला’, ‘संगीतसृष्टी पोरकी झाली’ ही वाक्ये प्रत्येक मृत्यूला वापरून इतकी झिजली आहेत की ती कुणाविषयीच काही सांगत नाहीत. नमुना असा ठेवता येईल: ‘ज्येष्ठ संगीतकार श्री. … यांचे दिनांक … रोजी … येथे निधन झाले. … साली … या चित्रपटापासून त्यांनी स्वतंत्रपणे संगीत देण्यास प्रारंभ केला. त्यांच्या चालींनी आम्हा सोलापूरकरांच्या लग्नघरांत, गणेशोत्सवांत आणि एकांतात दीर्घकाळ सोबत केली आहे. त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ यात आणखी भर घालायची असेल तर विशेषणाची घालू नये, माहितीची घालावी.

मोठी स्मरणसभा साधारण महिनाभराने घ्यावी, असे माझे मत आहे. तेरावा उरकलेला असतो, वृत्तपत्रांतले मृत्युलेख वाचून झालेले असतात, वादकांना तालमीला वेळ मिळतो आणि मुख्य म्हणजे केवळ बातमीच्या भरात येणारी गर्दी गळून खरे चाहते उरतात. दिवस ठरवताना शहराचे वेळापत्रक पाहावे लागते. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या पाळ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांचे दिवसभराचे काम लक्षात घेतले तर आडवारची संध्याकाळ निम्म्या श्रोत्यांना परवडत नाही. रविवारची सकाळ, त्यातही उन्हाळा असेल तर लवकरची वेळ, सर्वांना सोयीची पडते. जानेवारीचा पहिला पंधरवडा तर विशेष अडचणीचा असतो. राहुलदेव बर्मन ४ जानेवारी १९९४ रोजी आणि सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी गेले, त्यामुळे दोघांच्याही चाहत्यांना त्याच आठवड्यात सभागृह हवे असते. १२ तारखेला हुतात्मा दिन येतो, आणि लगेच संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, मग गावाचे लक्ष दुसरीकडे कुठे राहते? पुण्यतिथीचा कार्यक्रम असेल तर सभागृहाची चौकशी दिवाळीतच करून ठेवावी. हुतात्मा स्मृती मंदिर हे मोठ्या कार्यक्रमाला योग्य असले तरी हार्मोनियमवर एक चाल उलगडून दाखवायची तर डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या परिसरासारखी आटोपशीर जागा अधिक बरी. अर्ध्या रिकाम्या मोठ्या सभागृहात शोक पसरट होतो.

आता मुख्य विषय, गाण्यांची निवड. इथे घाई केली की बाकी सारी मेहनत वाया जाते.

पंचवीस गाणी घेऊ नयेत. अडीच तासांत बारा, फार तर चौदा गाणी पुरतात. उरलेला वेळ बोलण्याला, ऐकण्याला आणि दोन गाण्यांमधल्या शांततेला द्यावा. निवड करणाऱ्या समितीत चार-पाचच माणसे असावीत आणि त्यांपैकी निदान एक जण वादक असावा, कारण गायक नेहमी स्वतःला शोभणारे गाणे सुचवतो आणि रसिक नेहमी आवडते गाणे सुचवतो. संगीतकाराचे काम कोणत्या गाण्यात दिसते, हे वादकाला लवकर कळते. यादीतली चार-पाच गाणी सर्वांना तोंडपाठ असलेली घ्यावीत, नाहीतर लोक हिरमुसले होऊन जातात. त्यानंतर मात्र पहिल्या चित्रपटातले एक, अपयशी चित्रपटात हरवलेले एक, दुसऱ्या भाषेतले एक आणि ज्यात त्यांनी स्वतःच्या नेहमीच्या वळणाविरुद्ध जाऊन काही केले असे एक, अशी गाणी मुद्दाम शोधावीत. एकाच गायिकेची सात गाणी यादीत आली असतील तर थांबून विचार करावा, कारण मग ती सभा नकळत त्या गायिकेची होते.

श्रेय तपासल्याशिवाय एकही गाणे यादीत पक्के करू नये. ‘शंकर-जयकिशन’ हे नाव जयकिशन १२ सप्टेंबर १९७१ रोजी गेल्यावरही पडद्यावर येत राहिले. तेव्हा जयकिशन यांच्या स्मरणार्थ सभा असेल तर नंतरची, एकट्या शंकर यांनी केलेली गाणी तिथे घेणे चुकीचे ठरेल. ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकर यांनी मराठी चित्रपटांना संगीत दिले, हे मराठी माणसाला ठाऊक असते. पण खय्याम यांनी सुरुवातीला ‘शर्माजी-वर्माजी’ या जोडनावातले शर्माजी म्हणून काम केले, हे अनेकांच्या गावी नसते. तेलुगू श्रोत्यांच्या अत्यंत आवडत्या, १९५७ सालच्या ‘मायाबझार’वर संगीतकार म्हणून घंटसाला यांचे नाव असले तरी त्यातल्या काही चाली आधी एस. राजेश्वर राव यांनी बांधल्या होत्या. इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे त्यांतली चूकही सगळीकडे सारखीच सापडते. शक्य तिथे रेकॉर्डचे लेबल, कॅसेटच्या आतला कागद किंवा चित्रपटाची श्रेयनामावली प्रत्यक्ष पाहावी. शहरातल्या जुन्या शौकिनांकडे तबकड्यांचे आणि कॅसेटचे साठे अजून आहेत. सभेच्या निमित्ताने ते उघडले गेले तर तोही एक लाभच समजावा.

भाषेचा मुद्दा सोलापुरात टाळून चालत नाही. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे असलेल्या या गावात संगीतकाराचा शोकही एका भाषेत मावत नाही. राजन-नागेंद्र या जोडीतले नागेंद्र २००० साली आणि राजन ऑक्टोबर २०२० मध्ये गेले. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत त्यांच्या चाली पाठ असलेली माणसे भेटतात. संगीतकाराने दाक्षिणात्य चित्रपटांत काम केले असेल तर पूर्व भागातल्या तेलुगू भाषक गायकाला आवर्जून बोलवावे आणि त्याला ‘एक तेलुगू गाणेही होऊन जाऊ द्या’ अशा उपकाराच्या सुरात शेवटी न ढकलता कार्यक्रमाच्या मध्यावर स्थान द्यावे. गाण्याचा अर्थ निवेदकाने दोन वाक्यांत मराठीत सांगितला की पुरते. उर्दू शब्द मात्र जाणकाराकडून घोटून घ्यावेत. खय्याम किंवा नौशाद यांच्या सभेत नुक्ते, म्हणजे उर्दू अक्षरांचे खास उच्चार, गाळून गायलेली गझल कानाला खडा लागल्यासारखी टोचते.

सभेचे खरे काम दोन-तीन गाण्यांच्या उलगडण्यात होते. सोलापूरकरांसाठी याचे हाताशी असलेले उदाहरण म्हणजे ‘सोनियाच्या ताटी’. दर भाऊबीजेला हे गाणे घराघरांत लागते, आशाबाईंचा आवाज सर्वजण ओळखतात, शब्द आपल्याच सोलापूरच्या कवी संजीव यांचे आहेत हेही काहींना माहीत असते. पण चाल वसंत पवार यांची आहे, हे विचारल्यावर सांगणारा विरळाच. असे गाणे सभेत घ्यायचे असेल तर आधी निवेदकाने शब्द साध्या बोलण्याच्या लयीत वाचावेत. मग हार्मोनियमवर, ठेक्याशिवाय आणि शब्दांशिवाय, केवळ मुखडा सावकाश वाजवावा. त्यानंतर तबला-ढोलकीने नुसता ठेका धरावा. शेवटी गायिकेने पूर्ण गाणे गावे. या चार पायऱ्यांना दीड-दोन मिनिटे अधिक लागतात, पण शब्दांत काय होते आणि संगीतकाराने त्यात काय घातले, हे समोरच्या शेवटच्या रांगेलाही व्याख्यानाशिवाय कळते. प्रत्येक गाण्याला हा प्रयोग करू नये. सभेची शिकवणी होते.

चाल आधी की शब्द आधी, हेही शोधून ठेवावे. हिंदी चित्रपटांत बहुतेक वेळा चाल आधी बांधली जाई आणि कवी तिच्यात शब्द बसवी. गदिमा आणि सुधीर फडके यांनी १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सादर केलेल्या गीतरामायणात शब्द आधी येत आणि बाबूजी त्यांना चाल लावीत. संगीतकार दोन्ही प्रकारे काम करणारा असेल तर एकेक उदाहरण शेजारी-शेजारी ठेवल्यास श्रोत्यांना त्याच्या कामाची रीत दिसते.

पार्श्वसंगीताचे काय करावे, हा प्रश्न पुष्कळदा कुणाच्या मनातच येत नाही. चित्रपट-संगीतकाराचे निम्मे आयुष्य त्यात जाते. ७ मे २०२१ रोजी गेलेल्या, पार्श्वसंगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या वनराज भाटिया यांच्यासारख्या माणसाची सभा केवळ गाण्यांनी भरवली तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. पडदा आणि प्रोजेक्टर मिळत असेल तर संवाद नसलेला दोन मिनिटांचा एक प्रसंग आधी आवाज बंद करून आणि मग संगीतासह दाखवावा. पडदा नसेल तर दिवे मंद करून तो तुकडा नुसता ऐकवावा.

वादकांविषयी आणि संगीत-संयोजकांविषयी, म्हणजे चालीभोवती वाद्यांची मांडणी करणाऱ्या अरेंजरांविषयी, बोलणे हा उपचार समजू नये. सेबॅस्टियन डिसोझा, अनिल मोहिले, श्यामराव कांबळे, इनॉक डॅनियल्स, मनोहारी सिंग ही नावे घेतल्याशिवाय हिंदी-मराठी चित्रपटसंगीताच्या अनेक दशकांचा हिशेब पुरा होत नाही. आपल्या संगीतकाराकडे संयोजन कोण करत असे, हे शोधून ते नाव निदान एका गाण्याआधी घ्यावे. गीतकाराचे नाव तर प्रत्येक गाण्याआधी घेतलेच पाहिजे. निवेदनाची संहिता लिहून काढावी आणि दोन गाण्यांमध्ये दीड मिनिटाहून अधिक बोलू नये. शेरोशायरी वर्ज्य. ‘असं म्हणतात की’ने सुरू होणारा किस्साही वर्ज्य, कारण मेलेल्या माणसाला त्याचे खंडन करता येत नाही.

तालमीत मूळ सुरावटीशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह धरावा. गायकाने आपली पट्टी घ्यावी, मूळ गाणे हार्मोनियमच्या काळी चारमध्ये असेल आणि त्याला पांढरी दोन सोयीची असेल तर त्यात काही गैर नाही. पण हरकती वाढवू नयेत आणि म्युझिक पीस कापू नयेत. कराओके ट्रॅकवर गायचे असल्यास ट्रॅक आधी पूर्ण ऐकावा, कारण अनेक ट्रॅकमध्ये मधले तुकडे सोपे केलेले असतात आणि नेमका तिथलाच संगीतकार हरवतो. माझ्या मते एक की-बोर्ड, एक हार्मोनियम, तबला-ढोलक आणि शक्य तर बासरी किंवा अ‍ॅकॉर्डियन एवढा ताफा जमवून आठच गाणी नीट वाजवणे हे कराओकेवरच्या बारा गाण्यांपेक्षा अधिक चांगले. साउंडवाल्याला इको कमी ठेवायला आधीच सांगावे. त्याला शोकसभा आणि लग्नातला ऑर्केस्ट्रा यांतला फरक सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, यावर आयोजकांत हमखास वाद होतो. प्रस्ताव आणि स्तब्धतेनंतरच्या पहिल्या गाण्याला टाळ्या नकोत, असे निवेदकाने नम्रपणे सांगावे. पुढे मात्र लोकांना अडवू नये. ‘वन्स मोअर’ टाळावा. छायाचित्र शक्यतो वाद्याजवळ बसलेले निवडावे, पुरस्कार घेतानाचे नको. हार, समई, उदबत्ती हे आपल्या सवयीचे असले तरी संगीतकार आणि त्यांचे कुटुंब कोणत्या धर्माचे, कोणत्या विचारांचे आहे याचा विचार करून ठरवावे; फुले ठेवणे सर्वत्र चालते. स्थानिक पुढाऱ्याला बोलवायचेच असेल तर पहिल्या रांगेत बसवावे, माईक देऊ नये.

परवानग्यांची बाब थोडक्यात सांगतो. सभा उघड्यावर असेल तर ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी घ्यावी आणि रात्री दहाची मर्यादा पाळावी. प्रताधिकाराच्या बाबतीत, हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट लावले, कलाकारांना मानधन दिले किंवा प्रायोजक घेतले तर मात्र आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, या संस्थेकडे आधीच परवान्याची विचारणा करावी. मूळ ध्वनिमुद्रण वाजवण्याचा हक्क निराळा असतो, तोही तपासावा. हे पैसे बुडवण्याकडे पुष्कळांचा कल असतो आणि तो मला या प्रसंगी तरी अशोभनीय वाटतो. संगीतकाराच्या चालीवरचा हक्क त्याच्या निधनानंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) वाटा कायद्याने राखून ठेवला आहे. म्हणजे ज्याच्या नावाने आपण हळहळतो, त्याच्या वारसांचे पैसे आपण देणे लागतो.

कुटुंबीयांना पहिल्या पंधरा दिवसांत फोन करू नये, मग सभेला येण्याचा आग्रह तर दूरच. कार्यक्रम झाल्यावर पत्र पाठवावे. त्यात शोकप्रस्तावाची प्रत, गायलेल्या गाण्यांची यादी आणि उपस्थितांच्या सह्या असाव्यात. सह्यांची वही दारातच ठेवली आणि शेजारी बसायला एक जाणती मुलगी किंवा मुलगा नेमला, तर लोक नावापुढे आपले आवडते गाणेही लिहून जातात. ही वही सोलापुरात फार बोलकी होते, कारण सह्या चार लिप्यांत येतात. मूळ वही कुटुंबाला द्यावी आणि तिची छायाप्रत वाचनालयात ठेवावी. कार्यक्रमाचे चित्रण लगेच समाजमाध्यमांवर टाकण्याआधी गायकांची संमती आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क पाहावेत.

सभागृहाचे भाडे, साउंड, वादकांचा चहा-नाश्ता आणि छपाई यांचा हिशेब आठ दिवसांत सर्व वर्गणीदारांना दाखवावा. शिल्लक उरल्यास ती पुढच्या वर्षीच्या पुण्यतिथीसाठी गटाच्या खात्यात ठेवावी किंवा एखाद्या गरजू स्थानिक वादकाच्या वाद्यदुरुस्तीला द्यावी. मात्र कोणता पर्याय घ्यायचा, हे वर्गणी मागतानाच जाहीर केलेले असावे.